अर्धा फेरा

आबांचं उजवं मनगट शेवटपर्यंत वाकडं राहिलं. ताटातला घास उचलला की त्यांचा हात आधी किंचित बाहेर जायचा आणि मग तोंडाकडे वळायचा. आम्हा भावंडांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की एखाद्या पाहुण्यानं ‘हाताला काय झालं हो?’ असं विचारलं, तर आम्हालाच क्षणभर आठवावं लागायचं. विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल उलटलं होतं. १९७१ सालचा हिवाळा. मी नऊ वर्षांचा होतो.

आमचं रान वाळवा तालुक्यात. वस्तीपर्यंत वीज अजून आली नव्हती. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं, दोन घरं फिरून आमच्याकडे आलेलं. ते चालू करायची रीत तेव्हा वस्तीवरच्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असायची. इंजिनाच्या डोक्यावरचा खटका उचलायचा. त्यानं व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि आतली हवा दाबली जात नाही. मग हँडल घुमवून त्या जड चाकाला वेग द्यायचा आणि वेग भरला की खटका पाडायचा. पुढचं काम चाक स्वतःच करतं. आमचा खटका झिजला होता. त्या पहाटे आबांनी पाडायच्या आधीच तो पडला. चाकात जोर भरलेला नव्हता. पिस्टन वर पोचता पोचता डिझेल पेटलं आणि इंजिन उलटं फिरलं. आबांची मूठ घट्ट होती, अंगठा पलीकडून आवळलेला. हँडल सुटलं नाही, हात मोडला.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, दीड महिन्यानं सोडल्या. हाड जुळलं, पण तिरकं जुळलं.

मी पुढे हाडांचाच डॉक्टर झालो. मिरजेला शिकत असताना या मोडण्याला इंग्रजीत खास नाव असल्याचं पुस्तकात सापडलं: शोफर्स फ्रॅक्चर, म्हणजे मोटार चालवणाऱ्याचं फ्रॅक्चर. मनगटात अंगठ्याच्या बाजूला रेडियस नावाच्या हाडाचं टोक असतं. हँडल उलटून तळव्यावर आदळलं की मनगटातलं नावेच्या आकाराचं छोटं हाड त्या टोकावर ठोकलं जातं आणि टोक तिरकं तुटतं. मोटारी हँडलनं चालू व्हायच्या त्या काळात ही दुखापत इतकी वारंवार दिसे की तिच्यावर धंद्याचंच नाव पडलं. त्या रात्री होस्टेलच्या खोलीत मी त्या पानावरचं चित्र बराच वेळ बघत बसलो होतो. ते आबांचं मनगट होतं.

१९१२च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि मोटारवाल्यांचे हात हळूहळू वाचले. शेतकऱ्याचे हात वाचायला आणखी दोन-तीन दशकं जावी लागली. ट्रॅक्टरवर बॅटरी ठेवायची म्हणजे खर्च, शिवाय धूळ, हादरे, गारठा. त्यामुळे कारखानदारांनी हँडल काही सोडलं नाही.

गेली तीस वर्षं मी इंग्लंडमध्ये लिंकनशायरला राहतो. जमीन सपाट, माती काळी, समुद्रावरून येणारं वारं हाडात शिरणारं. आमच्या घरामागे ज्यांची शेती आहे ते आजोबा ८४ वर्षांचे. दोन हिवाळ्यांपूर्वी ते खांदा धरून माझ्या दारात आले. मी निवृत्त झालोय हे त्यांना माहीत होतं, पण कुंपणापलीकडचा डॉक्टर कधी निवृत्त होत नाही अशी त्यांची समजूत. खांदा तपासला, मनगट तपासलं. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती, जुनी दुखणी होती. मी विचारलं, हे करता तरी काय तुम्ही? त्यांनी मला शेडमध्ये नेलं.

आत नारिंगी रंगाचा फोर्डसन ट्रॅक्टर उभा होता. मॉडेल एन, १९३८ सालचा, डॅगनमच्या कारखान्यातला. त्यांच्या वडिलांनी घेतलेला. पुढच्या बाजूला रेडिएटरखाली हँडल लोंबकळत होतं, इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं.

‘रोज सकाळी तीस-चाळीस वेळा ओढतो,’ ते म्हणाले. ‘कधी चालू होतो, कधी लाथ मारतो.’

मी म्हणालो, आता हँडल बंद. ते शांतपणे म्हणाले, ‘डॉक्टर, मग माझ्याऐवजी ह्याला तपासा.’

त्यांचं ते बोलणं डोक्यातून जाईना. आबांच्या बाबतीत असं कुणीच म्हणालं नव्हतं. आबांचा हात चुकला असं सगळे म्हणाले, आबासुद्धा तेच म्हणत. खटका झिजलाय हे कुणी बघितलं नाही.

फोर्डसनचा जन्मच घाईतला. १९१७ साली ब्रिटनला अन्नाची धास्ती पडली होती. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या, शेतावरची माणसं आणि घोडे आघाडीवर गेले होते. ब्रिटिश सरकारनं हेन्री फोर्डकडे सहा हजार ट्रॅक्टर मागितले. हंगेरीत जन्मलेल्या युजीन फार्कस या इंजिनिअरनं त्याचा आराखडा करताना वेगळी चौकट ठेवलीच नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांची ओतीव घरं एकमेकांना बोल्टांनी जोडली, तोच सांगाडा. त्यामुळे ट्रॅक्टर हलका आणि स्वस्त झाला. १९२२ साली अमेरिकेत त्याची किंमत ३९५ डॉलरवर आली होती. १९२८ पर्यंत तिथे असे सात लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. १९२९ साली कारखाना आयर्लंडमध्ये कॉर्कला गेला, १९३३ साली लंडनजवळ डॅगनमला.

स्वस्ताईची किंमत मात्र सकाळी हँडलपाशी मोजावी लागे. सुरुवातीच्या मॉडेल एफमध्ये ठिणगीची वीज फ्लायव्हीलवरच्या चुंबकांतून यायची. फ्लायव्हील जोरात फिरलं की वीज भरपूर, सावकाश फिरलं की जेमतेम. म्हणजे इंजिन चालत असताना ठिणगीची चैन, आणि माणूस एकटा हँडलशी झुंजत असताना, जेव्हा तिची खरी गरज, तेव्हाच ती मरतुकडी. त्यात क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या. थंडीत तेल घट्ट झालं की चकत्या एकमेकींना चिकटतात आणि माणूस इंजिनाबरोबर गिअरबॉक्समधलं तेलही ढवळत बसतो. हा ट्रॅक्टर चालू करणं म्हणजे ताकदीचं काम असं जे नाव झालं, ते मला अन्यायाचं वाटतं. त्या ताकदीतली बरीचशी तेल ढवळण्यात आणि उरलेली कमजोर ठिणगीची भरपाई करण्यात जायची.

१९२९च्या मॉडेल एनमध्ये ठिणगीचं दुखणं बऱ्या रीतीनं निवारलं गेलं. इंजिनाच्या बाजूला ठिणगीची वीज तयार करणारा स्वतंत्र मॅग्नेटो आला आणि त्याला इम्पल्स कपलिंग जोडली गेली. या कपलिंगविषयी मी थोडं सविस्तर सांगणार आहे, कारण तिच्यासारखी माणसाची कणव असलेली दुसरी वस्तू त्या अख्ख्या ट्रॅक्टरवर नाही.

आजोबांची नात बावीस वर्षांची, ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करते. तिनं मॅग्नेटो सोडवून टेबलावर जुन्या टॉवेलवर ठेवला आणि कपलिंग उघडून दाखवली. मुठीत मावेल एवढी डबी. आत घड्याळासारखी गुंडाळलेली एक जाड स्प्रिंग आणि आपल्याच वजनानं खाली पडणारे दोन छोटे खटके. हँडल सावकाश फिरतं तेव्हा खटका अडकतो आणि मॅग्नेटोच्या आतला भाग जागच्या जागी धरून ठेवतो. इंजिन पुढे फिरत राहतं, स्प्रिंग पिळली जाते. पिस्टन वरच्या टोकाला पोचून किंचित पुढे सरकला की खटका सुटतो, टक् असा आवाज होतो आणि आतला भाग एका झटक्यात फिरतो. हात कितीही हळू फिरवा, ठिणगी पडते ती त्या झटक्याच्या वेगाची. शिवाय ती उशिरा पडते, पिस्टन खाली निघाल्यावर, म्हणजे स्फोटाचा जोर हँडलवर उलटा येत नाही. इंजिन चालू झालं की वेगामुळे खटके बाहेर फेकले जातात आणि डबी गप्प होते. या चार सिलिंडरच्या इंजिनात हा टक् दर अर्ध्या फेऱ्याला ऐकू यायला हवा.

आमच्या विहिरीवरच्या खटक्याचीच ही आतली भावंडं. तिथे खटका दाब काढून घ्यायचा, इथे तो ठिणगी सांभाळतो. दोन्हीकडे हेतू एकच, की चालू करणाऱ्याच्या हातावर कमीत कमी यावं.

आजोबांच्या ट्रॅक्टरला टक् ऐकूच येत नव्हता. डबीत ऐंशी वर्षांचं तेल साचून गुळाच्या पाकासारखं चिकट झालं होतं. खटके वर चिकटून बसले होते, पडत नव्हते. नातीनं सगळं रॉकेलमध्ये रात्रभर बुडवलं, दुसऱ्या दिवशी ब्रशनं घासलं आणि पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब सोडले. खटका बोटानं उचलून सोडला की खाली पडला पाहिजे, एवढीच कसोटी. पडला. आजोबांनी तो पुन्हा पुन्हा उचलून पाडून बघितला.

मॅग्नेटोचे चुंबक कमजोर झाले होते, कॉइलचं इन्सुलेशन गेलं होतं, कंडेन्सरही. हे काम घरी होण्यासारखं नव्हतं. चुंबकात पुन्हा चुंबकत्व भरून द्यायचं काम करणारे जाणते कारागीर इकडे अजून आहेत, त्यांच्याकडे पाठवलं. परत आल्यावर आम्ही मॅग्नेटो तात्पुरता जोडला, शेडचे दिवे घालवले, प्लग काढून इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवला आणि नातीनं हँडल अगदी सावकाश फिरवलं. टक्. अंधारात जाड निळी ठिणगी. आधीची पिवळी होती, केसाएवढी. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुढे करून नातीला पुन्हा फिरवायची खूण केली.

पण लाथ का मारत होता, हे अजून कळलं नव्हतं. ते मॅग्नेटो परत बसवताना कळलं. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून दाब येतोय तो फेरा ओळखायचा, पिस्टन वरच्या टोकाला आणायचा आणि तिथे टक् जुळवायचा, अशी ही रीत. जुन्या खुणांवर बसवलं तर टक् पिस्टन वर पोचायच्या आधीच येत होता. कधी काळी कुणीतरी मॅग्नेटोचं गिअर एक दात पुढे बसवलं होतं. नांगरताना इंजिन चपळ वाटावं म्हणून असेल किंवा नजरचुकीनं असेल. त्या एका दातापायी ठिणगी लवकर पडत होती. डबी चिकटलेली असल्यामुळे ती तर आणखीच पुढे. पिस्टन अजून वर चढतोय, माणूस ओढतोय आणि तेवढ्यात आतून दणका. आजोबांच्या अंगठ्याची सूज त्या एका दातानं दिली होती. मी डॉक्टर म्हणून त्यांना मलम आणि विश्रांती सांगितली होती. नातीनं गिअर एक दात मागे घेतलं.

बाकीची कामं साधी, पण एकेक करून हाताचं ओझं उतरवणारी. प्लगच्या टोकांमधलं अंतर थोडं कमी केलं, कारण कमी वेगावरच्या ठिणगीला लांब उडी झेपत नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग चिरलं होतं. तिथून फुकटची हवा शिरायची आणि चोक ओढूनही पेट्रोल पुरेसं पोचायचं नाही. ते बदललं. व्हॉल्व्ह काढून बैठकीवर घासून बसवले. हँडल ज्या बुशमधून जातं ते झिजून मोठं झालं होतं, त्यामुळे हँडल डगडगायचं आणि खाचेतून निसटायचं. नवीन पितळी बुश लेथवर करून घेतलं.

तेलाबद्दल नात आणि आजोबा यांचं थोडं वाजलं. आजोबा वडिलांच्या काळापासून जाड तेल घालत आले होते, जुन्या इंजिनाला जाडच लागतं म्हणून. नातीनं पातळ तेल घातलं. दुसऱ्या दिवशी हँडल फिरवून बघितलं आणि आजोबा गप्प झाले.

इंधनाची एक गोष्ट मला इथे आल्यावरच कळली. हा ट्रॅक्टर दोन टाक्यांचा. चालू करायचा पेट्रोलवर आणि गरम झाल्यावर कळ फिरवून रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर न्यायचा. ते ट्रॅक्टरचं खास इंधन आता सहज मिळत नाही, हौशी लोक रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळून काम भागवतात. थंड इंजिनात ते तेल पेटत नाही. म्हणून बंद करायच्या आधी दोन-तीन मिनिटं पुन्हा पेट्रोलवर चालवायचा असतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत रॉकेल राहिलं, तर सकाळी शंभर वेळा हँडल मारलं तरी उपयोग शून्य. वाटी उघडून रिकामी करावी लागते. आजोबांच्या त्या तीस-चाळीस हिसक्यांतले निम्मे तरी आदल्या संध्याकाळच्या घाईचे असणार असं मला वाटतं. आता कळीच्या शेजारी नातीनं पांढऱ्या रंगानं बाण काढून ठेवलाय.

दुसऱ्या महायुद्धात हेच ट्रॅक्टर बायकांनी चालवले. विमेन्स लँड आर्मी, म्हणजे शेतीवर राबणाऱ्या बायकांची फौज, जून १९३९ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि भरात असताना तिच्यात ऐंशी हजारांवर स्त्रिया होत्या. दुकानातून, गिरणीतून, केस कापायच्या सलूनमधून आलेल्या मुली. १९४० पासून फोर्डसन हिरव्या रंगात यायला लागला, आकाशातून उठून दिसू नये म्हणून. गोठणाऱ्या रात्री पाणी काढून टाकायचं, सकाळी किटलीतलं गरम पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं, प्लग काढून चुलीपाशी शेकायचे, असे उपाय ट्रॅक्टरवाल्यांमध्ये सर्रास चालायचे. आजोबांच्या आईनंही हा ट्रॅक्टर चालू केलाय. अंगानं बारीक बाई, पण ती किटली चढवल्याशिवाय शेडकडे जायचीच नाही, असं ते सांगतात. वडील किटलीची वाट न बघता हँडलला भिडायचे आणि दमून तिलाच हाक मारायचे.

प्रत्येक घराण्याच्या ट्रॅक्टरनं आपापला इलाज शोधला होता. जॉन डिअरच्या दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला सिलिंडरवर छोटे नळ असत. ते उघडले की दाब निघून जातो आणि बाजूचं मोठं चाक हातानं फिरवता येतं. जर्मनीच्या लान्झ बुलडॉगचं डोकं आधी ब्लोलँपनं लाल करायचं आणि मग स्टिअरिंगचं चाकच काढून बाजूला लावून फिरवायचं. इकडच्या फील्ड मार्शलला एकच मोठा सिलिंडर. त्यात सोरा मुरवलेला धुमसता कागद खुपसायचा आणि हँडल मारायचं, नाहीतर बंदुकीसारखं काडतूस भरून हातोडीनं ठोकायचं. एका मेळाव्यात मी ते जवळून पाहिलं. धुराचा लोट उठला आणि अख्खी गर्दी मागे सरली. मला विचाराल तर या सगळ्यांत टक् करणारी ती डबीच उजवी, कारण ती माणसाकडून काहीच जास्तीचं मागत नाही.

विजेचा स्टार्टर बसवून मोकळं व्हा, असं आजोबांचा मुलगा म्हणत होता. त्यात गैर काही नाही. पण आजाऱ्याला काठी देण्याआधी पायात मोडलेला काटा काढावा, असं मी त्याला म्हणालो. तो दात मागे न घेता स्टार्टर बसवला असता, तर लाथ स्टार्टरच्या गिअरनं खाल्ली असती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सगळी जुळवाजुळव झाली. बाहेर गवतावर पांढरं दव गोठलं होतं. नातीनं गिअर न्यूट्रलला असल्याची दोनदा खात्री केली आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. तेलकट क्लच थंडीत चिकटतो, आणि गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर चालू झाला की समोर हँडलपाशी वाकलेल्या माणसाच्या अंगावर येतो. किटलीचं पाणी ओतून झालं. पेट्रोलची कळ उघडली.

पुढचं मी आजोबांना माझ्या धंद्यातलं सांगितलं. हँडल डाव्या हातानं धरा. अंगठा बोटांच्याच बाजूला, पलीकडून आवळायचा नाही. हँडल खाली आणून खाचेत बसवा आणि खालून वर ओढा. कधीही वरून खाली रेटू नका. वर ओढताना लाथ बसली तर हँडल बोटं उघडून निसटून जातं. खाली रेटताना बसली तर अंगाचा सगळा भार मनगटावर उतरतो आणि हाडाला पळायला जागा राहत नाही. त्यांनी मूठ करून दाखवली. मी त्यांचा अंगठा उचलून बोटांच्या बाजूला ठेवला. पुस्तकातलं चित्र आणि ताटावरचा आबांचा हात, दोन्ही माझ्या डोळ्यांपुढे होते.

मॅग्नेटो बंद ठेवून, चोक ओढून त्यांनी दोन अर्धे फेरे दिले. टक्. टक्. चोक अर्धा सोडला, मॅग्नेटो चालू केला. तिसरा अर्धा फेरा. काही झालं नाही. चौथ्याला इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. आजोबा हँडल सोडून सरळ उभे राहिले आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. जणू रोज असंच होतं.

तिकडे भारतात दुपारचे दीड वाजले होते. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका नव्वदीचे, आबांचे धाकटे भाऊ. त्या पहाटे विहिरीवर आबांच्या शेजारी कंदील धरून तेच उभे होते. मी फोन ट्रॅक्टरभोवती फिरवला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

‘खटका कुठं हाय ह्याचा?’

‘आत हाय, काका. दिसत न्हाई. आवाज येतो.’

‘आवाज ऐकू दे की मग.’

मी आजोबांना सांगितलं. त्यांनी आधी इंजिन बंद केलं, पेट्रोलची कळ फिरवली, मॅग्नेटो बंद असल्याचं बघितलं. मग डाव्या हातानं हँडल धरून, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून, हळूहळू वर ओढलं. मी फोन मॅग्नेटोपाशी धरला.

टक्.

काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘परत एकदा.’

काय म्हणाले ते मी इंग्रजीत सांगायच्या आतच आजोबांनी पुढचा अर्धा फेरा घेतला.